संडासाच्या तीन पायऱ्या

धम्मावरील पाक्षिकात संडासाविषयी लिहावे काय, असे काही वाचकांना वाटेल. लिहायला बसलो तेव्हा मलाही वाटले. आपल्यापैकी पुष्कळांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे. घरात पंचशील, वंदना, बावीस प्रतिज्ञा यांविषयी बोलणे चालते, आणि ते चालायलाच हवे. परंतु ज्या विनयपिटकात भिक्खुसंघाचे नियम नोंदलेले आहेत, त्याच्या चुल्लवग्गात संडास कसा बांधावा, कसा वापरावा, पायरी कोठे आणि कठडा कोठे, याची तपशीलवार चर्चा आहे. तथागतांना या विषयाची लाज वाटल्याचे तेथे कोठेही दिसत नाही. मग आपण का लाजावे?

प्रथम माझ्या घरची हकीकत सांगतो. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, चार वर्षांपूर्वी अर्धांगवायूने पडले. उजवा हात आणि उजवा पाय गेला. तीन महिन्यांनी काठी धरून खोलीत चालू लागले, पुढे अंगणापर्यंत येऊ लागले. पण संडासापर्यंत त्यांना जाता येईना. संडास घरापासून पंधरा पावलांवर. स्वच्छ भारत अभियानातील १२ हजार रुपयांच्या अनुदानात पदरचे थोडे घालून आम्ही तो बांधला होता. त्याच्यासमोर आबांना उभे करून फोटोही काढला होता. पावसाळ्यात खड्ड्यांचे पाणी वर येऊ नये म्हणून जोते उंच घेतलेले, त्यामुळे तीन पायऱ्या. दार सव्वादोन फुटांचे, पत्र्याचे, आत उघडणारे. आत उकिडवे बसण्याचे भांडे. आबांना पायऱ्या चढता येत नव्हत्या. दोघांनी धरून चढवले तरी बसता येत नव्हते. आणि बसवले तरी उठता येत नव्हते.

मग खोलीतच पाट आणि भांडे आले. आई ते भांडे पहाटे, वस्ती उठण्यापूर्वी, पोत्याखाली झाकून मागल्या बाजूला नेई. आबा संध्याकाळनंतर पाणी पीत नसत. रात्री अर्धी भाकरी खात, कधी तीही तशीच ठेवीत. मला वाटले, आजाराने भूक गेली. मी तालुक्याहून टॉनिकची बाटली आणली. पुढे लघवीला जळजळ सुरू झाली, ताप आला, तेव्हा डॉक्टरांनी विचारले, "पाणी किती पिता, बाबा?" आबा गप्प राहिले. आई म्हणाली, "साहेब, त्यांना माझी लाज वाटते. रात्री मला उठवावं लागू नये म्हणून पीत न्हाईत."

त्याच वर्षी १४ एप्रिलला मी एक भाषण केले होते. विषय होता हाताने मैला उचलण्याची प्रथा. १९९३ चा कायदा, २०१३ चा कायदा, दोन्ही मला तोंडपाठ. टाळ्या मिळाल्या. आणि माझ्याच घरात रोज पहाटे एक बाई मैल्याचे भांडे उचलून नेत होती, आणि तिचा एम. ए., बी. एड. झालेला मुलगा शेजारच्या खोलीत झोपलेला असे. ते भांडे मी पहिल्यांदा उचलले ते आईला ताप आला त्या दिवशी. तोपर्यंत पाच महिने गेले होते.

येथे कोणी म्हणेल की, घरच्या माणसाची सेवा आणि जातीने लादलेले काम यांची तुलना करू नये. म्हणणे रास्त आहे. जातीच्या कामातून जन्मभर सुटका नव्हती, आणि त्या कामामुळे माणूस माणसातून उठत असे. आईचे तसे नव्हते. तरीही मी स्वतःला दोन प्रश्न विचारले. आईला "नाही" म्हणण्याची सोय होती काय? आणि ते काम घरातील सर्वांत वाटले गेले होते काय? दोन्हींचे उत्तर नकारार्थी आले. ज्या कामाला नकार देता येत नाही आणि जे कायम एकाच्याच वाट्याला येते, ते कितीही मायेने केले तरी त्यात सक्तीचा अंश राहतोच. आपल्या घरांत ते बायकोच्या, सुनेच्या किंवा न शिकलेल्या मुलीच्या वाट्याला येते. पुरुष दवाखान्याचे पैसे भरतो आणि मोकळा होतो. मीही तसाच मोकळा झालो होतो.

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते. उजवा हात गेल्यामुळे आबा जेवत डाव्या हाताने आणि धूतही डाव्याच हाताने. साबणाने हात धुतल्याशिवाय ते भाकरीला शिवत नसत. तरी एका लग्नात आमच्याच नात्यातला एक जण आबांच्या शेजारून उठून दुसऱ्या पंगतीत जाऊन बसला. बोलला काही नाही. त्या दिवसापासून आबांनी पंगतीला जाणे सोडले. ज्यांच्या आजोबांना पाणी वरून ओंजळीत ओतून मिळत होते, त्यांच्या नातवाला हे शेजार सोडून उठणे कोणी शिकवले, याचा मी अद्याप विचार करीत आहे. दीक्षा एका दिवसात होते. हे उठणे जायला किती दिवस लागतात, ते ज्याने त्याने आपल्या घरात पाहावे.

आता चुल्लवग्गाकडे वळतो. भिक्खू विहाराच्या आवारात कोठेही शौचाला बसत, आवार घाण होई. तेव्हा एका बाजूस जागा ठरवून देण्यात आली. दुर्गंधी येऊ लागली. खड्ड्याची अनुज्ञा मिळाली. खड्ड्याच्या कडा ढासळू लागल्या. त्या विटांनी, दगडांनी किंवा लाकडांनी बांधण्यास सांगितले. सखल जागी पाणी शिरले. जोते उंच करण्यास सांगितले. उंचावर चढणे अवघड झाले, पायऱ्या आल्या. पायऱ्या चढताना भिक्खू पडू लागले, कठडा आला. बसताना त्रास होई. पाय ठेवायला पावठे आले. आणि मग येतो एक म्हातारा, जरेने दुर्बळ झालेला भिक्खू. शौच करून उठताना तो पडतो. ही गोष्ट तथागतांच्या कानावर जाते आणि संडासात वरून लोंबणाऱ्या आधाराची, उठताना धरायच्या दोरीची, अनुज्ञा दिली जाते. पालीत त्याला ओलंबक असा शब्द आहे.

आमच्या गावच्या कंत्राटदाराचा विनय उंच जोते आणि पायऱ्या येथवर येऊन थांबला होता. कठड्यापर्यंत आणि दोरीपर्यंत तो पोहोचला नाही.

या प्रसंगातील एक बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पडला तो एकच भिक्खू. त्याचे नावसुद्धा नोंदलेले नाही. तो कोणी मोठा थेर होता, म्हणून ही व्यवस्था झाली असे नाही. एवढ्या एकासाठी दोरी कशाला, तरुण भिक्खूने त्याला धरून उठवावे, असेही कोणी म्हटले नाही. आपल्याकडे मात्र पहिला प्रश्न हाच निघतो: एका माणसासाठी एवढा खर्च? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, हे उत्तर मी देऊ शकतो. पण खरे सांगायचे तर आकड्याने हा प्रश्न सुटत नाही. आकडा लहान असता तर आबांनी तहानलेले राहावे काय? शिवाय म्हातारपण आणि आजार यांची गणती कोणत्याच तक्त्यात पुरी होत नाही. आज दोन पायांवर धावणारा उद्या त्या तक्त्यात असू शकतो.

आता याच्या शेजारी महावग्गातील दुसरा प्रसंग ठेवून पाहा. एक भिक्खू अतिसाराने आपल्याच मलमूत्रात लोळत पडला होता. बाकीचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी कारण विचारले, तेव्हा त्याने सांगितले की, मी त्यांच्या काही उपयोगाचा नाही म्हणून ते माझी शुश्रूषा करीत नाहीत. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला लावले; दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर निजवले. मग संघाला बोलावून समज दिली की, येथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्ही एकमेकांचे केले नाही तर कोण करणार. आणि ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी.

एका प्रसंगात हाताने सेवा, दुसऱ्यात दोरी. मला वाटते, धम्माची दृष्टी या दोन्ही मिळून पुरी होते. जेथे साधनाने भागते तेथे माणसाला दुसऱ्याच्या हातावर अवलंबून ठेवणे ही सेवा नव्हे. कित्येकदा तो आपल्या चांगुलपणाचा हव्यास असतो. आमच्या एका चुलत्यांनी मला सुनावले होते, "बापाचं करायचा कंटाळा आला म्हणून कमोड बसवतोस का?" त्यांचा रोष मी समजू शकतो. पण आबांना काय हवे, हे त्यांनीही आबांना विचारले नव्हते.

उलट बाजूही विसरता येत नाही. स्वतःचे स्वतः करता येणे यातच माणसाची प्रतिष्ठा आहे, असे म्हटले तर ज्याला दांडी, दोरी, कमोड असूनही उठता येत नाही, त्याची प्रतिष्ठा कोठे गेली? त्या भिक्खूला तथागतांनी धुतले ते तो पुन्हा उपयोगाचा व्हावा म्हणून नव्हे. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेब दीक्षेला उभे राहिले तेव्हा मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने ते खचलेले होते; काठी आणि सहकाऱ्याचा आधार घेऊन उभे होते. त्यामुळे त्यांचे मोठेपण तसूभर कमी झाले, असे आपल्यापैकी कोणाला कधी वाटले नाही. मग आपल्या घरातील म्हाताऱ्याने आधार मागितला की आपल्याला ते ओझे का वाटते?

आमच्या नात्यातील काही म्हाताऱ्या अजून म्हणतात, "मागल्या जन्मीचं काहीतरी असंल." त्यांच्याशी भांडण्यात अर्थ नाही, पण मुलांच्या समोर हे वाक्य तसेच सोडूही नये. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्मामुळे आजचे दुःख हा सिद्धान्त स्पष्ट शब्दांत नाकारला आहे. ज्या सिद्धान्ताने आपली जात आपल्याच पापाचे फळ ठरवली, तोच आता आबांच्या पायावर लागू करायचा काय? आबांचा पाय रक्तदाबाची गोळी बंद केल्यामुळे गेला. आणि संडास त्यांच्यापासून दूर गेला तो गवंड्याने बांधलेल्या तीन पायऱ्यांमुळे. पायाला फारसा इलाज नव्हता. पायऱ्यांना होता.

जाता जाता एक शब्द. हल्ली शासकीय कागदांत अपंगाला 'दिव्यांग' म्हणतात. २०१५ पासून हा शब्द रूढ झाला. अपंगांच्या अनेक संघटनांनी त्याला हरकत घेतली आहे. आपल्याला एके काळी असेच एक देवाचे नाव बहाल झाले होते आणि पाणवठा मात्र होता तसाच राहिला होता, हे आठवले की ती हरकत लगेच समजते. कायद्याच्या मराठी नावात तो शब्द आहे म्हणून पुढे वापरीन, एवढेच.

आता आम्ही काय केले ते सांगतो. कारण चुका आमच्याही झाल्या आणि त्या दुसऱ्याने पुन्हा करू नयेत.

पहिली चूक म्हणजे मी दुकानात आधी गेलो. आधी माणसाचे माप घ्यायला हवे होते. आबांची कोणती बाजू धडधाकट आहे, ते चाकाच्या खुर्चीवरून सरकणार की काठीने चालत येणार, कोणत्या उंचीवरून त्यांना उठता येते, हे घरीच खुर्च्या बदलून पाहता येते. बाजारातील साधा कमोड आबांना ठेंगणा पडला. शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत बैठकीची उंची ४५० ते ४८० मिलिमीटर, म्हणजे साधारण दीड फूट, सांगितली आहे. ती चाकाच्या खुर्चीच्या बैठकीएवढी येते आणि सरकणे सोपे जाते. आम्ही कमोडाखाली सिमेंटचा ओटा केला. तो पुढे आला असता तर पाय अडखळले असते, म्हणून कमोडाच्या बुडाएवढाच ठेवला.

दुसरी चूक दांडीची. गवंड्याने टॉवेल अडकवायची चकचकीत दांडी आणून भिंतीला बसवली. तिसऱ्या दिवशी आबांनी भार टाकला आणि ती स्क्रूसकट हातात आली. नशीब, मी मागे उभा होतो. भिंत अर्ध्या विटेची; तिच्यात प्लग धरत नाही. मग भिंतीला आरपार छिद्रे पाडून, बाहेरून लोखंडी पट्टी लावून, बोल्टने दीड इंची पाइप आवळला. तो पाइप आबांच्या डाव्या हाताला, म्हणजे जोर असलेल्या बाजूला, बैठकीपासून आठ इंच वर आहे. भिंत आणि पाइप यांत दोन इंच अंतर ठेवले: बोटे नीट आत जातात, पण कोपर घसरून अडकत नाही. समोरच्या भिंतीवर एक उभा पाइप उठण्यासाठी. गवंड्याने स्वतः पाइपाला लोंबकळून दाखवावे आणि मगच मजुरी घ्यावी, असा नियम मी आता सर्वांना सांगतो.

दार आम्ही तीन फुटांचे केले. मार्गदर्शक तत्त्वांत ९०० मिलिमीटर आहे. ते बाहेर उघडते. याचे कारण साधे आहे. माणूस आत पडला तर त्याच्याच अंगाने दार अडते आणि आत उघडणारे दार मग कोणालाच उघडता येत नाही. कडी अशी लावली की, वेळ पडल्यास बाहेरून नाण्याने फिरवता येते. उंबरठा काढून टाकला. फरशी खरबरीत घेतली. गुळगुळीत पांढरी फरशी स्वस्त मिळत होती, पण ओल्या पायाला ती फार वाईट. खुर्ची आत वळवायची तर पाच फुटांचे मोकळे वर्तुळ लागते. आमच्या जागेत ते बसले नाही. आबा काठीने येतात म्हणून भागले.

पायऱ्यांचे सर्वांत कठीण गेले. उताराला एकास बारा हे प्रमाण सांगतात: एक फूट उंचीला बारा फूट लांब उतार. आमचे जोते पावणेदोन फूट. म्हणजे एकवीस फूट उतार हवा आणि अंगण अठरा फुटांचे. तेव्हा जुना संडास मुलांसाठी तसाच ठेवला आणि घराला लागून पडवीत, घराच्याच पातळीवर, नवा बांधला. नळी बाहेरून त्याच खड्ड्यांकडे नेली. नवीन बांधणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे. जोते बांधून झाल्यावर उतार सुचणे फार महागात पडते.

ज्यांना एवढे जमणार नाही त्यांनी थांबून राहू नये. आपल्या नेहमीच्या भांड्यावर ठेवायची, मध्ये भोक असलेली लोखंडी खुर्ची मिळते. पाण्याची टंचाई असलेल्या गावात तर तीच बरी; उताराच्या भांड्याला दीड-दोन लिटर पाणी पुरते, कमोडाला त्याच्या कितीतरी पट लागते. फक्त पायांना रबरी बूच असावेत आणि खुर्ची हलत नाही, हे आपण स्वतः बसून पाहावे. प्लॅस्टिकच्या खुर्चीला करवतीने भोक पाडून वापरतात तेही मी पाहिले आहे. तिचे पाय भाराने फाकतात. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो मागण्यासाठी अर्ज करावा, पोच घ्यावी, आणि मागताना भीक मागत असल्यासारखे उभे राहू नये. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला. त्याच्या नावातच हक्क हा शब्द आहे.

आबा आता रात्री पाणी पितात. आई सकाळी साडेसहापर्यंत झोपते, तिच्या आयुष्यात प्रथमच.

घरातले झाले म्हणून संपले नाही. मी पूर्वी ज्या शाळेत होतो तेथे दिव्यांगांचा संडास होता. बाहेर चाकाच्या खुर्चीचे चित्र, उतार, दांडी, सगळे कागदाप्रमाणे. शिक्षण हक्क कायद्यात शाळेची इमारत अडथळाविरहित असावी असे आहेच. पण त्याला कुलूप असे आणि आत खिचडीची पातेली, झाडू, निवडणुकीच्या वेळच्या जुन्या पेट्या. पायांत ताकद नसलेली एक मुलगी पाचवीत होती. ती सकाळी पाणी न पिता येई आणि साडेचारला घरी जाऊन पीत असे. तिला मूत्राचा विकार झाला, मग ती येईनाशी झाली. मी तेथे तीन वर्षे शिकवले. ते कुलूप मी रोज पाहत होतो. किल्ली कोणाकडे आहे, हे मी एकदाही विचारले नाही. आबांच्या आजारपणापूर्वीची ही गोष्ट आहे, आणि त्या मुलीच्या बापाला मी भर वर्गात "पोरीला नियमित पाठवत जा" असे सांगितले होते.

चुल्लवग्गात आणखी एक नियम आहे. भिक्खू आधी ज्येष्ठतेप्रमाणे संडास वापरीत. नवे भिक्खू आधी येऊनही ताटकळत राहत आणि दाबून धरल्याने मूर्च्छा येऊन पडत. तेव्हा जो आधी येईल त्याने आधी जावे, असे ठरवून देण्यात आले. वंदनेत ज्येष्ठता असेल, देहाच्या गरजेत नाही. शाळेतील कुलूप आठवले की मला हा नियम आठवतो. तेथे मुख्याध्यापकांचा संडास नेहमी उघडा आणि धुतलेला असे.

आमच्या वस्तीतील विहाराला पाच पायऱ्या आहेत. वर्षावासात ग्रंथवाचन चालते तेव्हा दोन म्हाताऱ्या उपासिका खाली कडुनिंबाखाली बसून ऐकतात; ध्वनिक्षेपक आहे म्हणून त्यांना ऐकू येते, असे आम्ही समजतो. आबाही घरीच थांबतात. विहाराच्या मागे संडास बांधायचा ठराव झाला आहे आणि वर्गणी जमत आहे. मी समितीपुढे उतार, तीन फुटी दार आणि दोन दांड्या मांडल्या. खर्च वाढतो म्हणून कुरकुर झाली, पण नकार कोणी दिला नाही. त्या दोघींना आणि आबांना येत्या रविवारी जागेवर आणून, खुर्चीवर बसवून, उंची ठरवायची आहे. फक्त एका गोष्टीवर एकमत झालेले नाही. बाहेरचे लोक येऊन घाण करतील म्हणून कुलूप लावावे आणि किल्ली अध्यक्षांकडे असावी, असे बहुतेकांचे म्हणणे आहे. कुलूप लावूच नये, झाडण्याची पाळी घरटी लावावी आणि पहिल्या आठवड्याची पाळी माझी असावी, असे मी लिहून दिले आहे.